रात्री सेविचे मिळत नाही

लिमात उतरलो तेव्हा रात्रीचे नऊ,
आकाशाचा रंग निवलेल्या पेजेचा.
टॅक्सीवाला म्हणाला, याला आम्ही गाढवाचं पोट म्हणतो,
सहा महिने गाढव जागचं हलत नाही.
पाऊस?
पाऊस पडत नाही. नुसतं ओलं होतं.

माझ्या वहीत अकरा खानावळींची नावं, पत्त्यांसकट.
एका टेबलाचे पैसे चार महिने आधी भरलेले.
पण पोट वही वाचत नाही.
कोपऱ्यावर दिवा दिसला तिथं शिरलो,
पाटीवर बोट ठेवलं : सेविचे.
पोऱ्यानं असं पाहिलं,
जणू मी उद्याचा पेपर आजच मागत होतो.
"रात्री नाही, सेन्योर. रात्री मासा म्हातारा होतो."

मग गाडीवर, उभ्यानं, बैलाचं काळीज खाल्लं.
काडीला तीन तुकडे, शेवटी एक उकडलेला बटाटा.
बाई मक्याच्या सालांच्या कुंच्यानं मसाला फासत होती
आणि काळजातून धूर निघत होता,
असं मी वहीत लिहिलं, आणि खोडलं.
काळीजच होतं ते.

सकाळी चोरिय्योसचा धक्का.
पेलिकन ओळीनं बसलेले, वसुलीला आल्यासारखे.
होड्यांची नावं संतांची,
एकीचं मात्र नुसतंच "बघू".

टपरी क्रमांक सात, एर्मेलिंदा चुंपिताझ.
त्रेचाळीस वर्षं तीच सुरी, पातं झिजून करंगळीएवढं.
"कुठला?"
"भारत."
"समुद्र आहे तिथं?"
"आहे. कोमट."
तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

मासा आमच्या लेप्याचा श्रीमंत चुलतभाऊ.
कांदा इतका पातळ की पलीकडचा पेलिकन दिसावा.
लिंबू तिनं अर्धंच पिळलं;
पुरतं पिळलं की कडू रडतं, म्हणाली.
मीठ, पिवळी मिरची, दोन मिनिटं.
शिजवलं कुणीच नव्हतं
आणि कच्चं काही उरलं नव्हतं.

आधी गारवा. मग आंबट.
मिरची उशिरा आली,
लग्नात उशिरा येऊन पुढच्या रांगेत बसणाऱ्या
मामासारखी.
माझ्या डोळ्यांत पाणी.
"बरं," एर्मेलिंदा म्हणाली, "आता जेव."

वाटीच्या तळाशी पांढरट रस उरतो,
त्याला इथं वाघाचं दूध म्हणतात.
शाळेत आम्हाला सांगितलेलं, वाघिणीचं दूध म्हणजे इंग्रजी.
मास्तर, तुम्ही चाखलंच नव्हतं.

ताटलीच्या कडेला रताळ्याची फोड.
मला हसू आलं, तिनं भुवई उचलली.
मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं,
आमच्याकडे उपास असला की हे खातात.
रताळं, बटाटा, शेंगदाणे.
"उपास कुणासाठी?"
"देवासाठी."
"आणि देवाला कुणी सांगितलं नाही,
की हे सगळं जेवण आहे?"
तिनं ओरडून सहा नंबरच्या तेओफिलोला सांगितलं,
त्यानं पाच नंबरला.
हसू धक्क्याच्या टोकापर्यंत गेलं, पेलिकन उठले.
एकादशी, दुप्पट खाशी
एवढं मात्र मला स्पॅनिशमध्ये जमेना.

दोन वाजता तिनं स्वतःचा डबा उघडला.
भात, वर तळलेलं अंडं.
"मासा नाही?"
"नवरा आणायचा तेव्हा खायचे.
विकत घेतलेला घशाखाली जात नाही."
पुढं काही विचारलं नाही मी.
तिनं अंडं सुरीनं मधोमध कापलं,
अर्धं माझ्याकडे सरकवलं.
बलक वाघाच्या दुधात उतरला.
कुठल्याच वहीत नसलेलं ते कालवण
मी भाताच्या चार शितांनी पुसून घेतलं.

त्या रात्री चार महिन्यांच्या टेबलावर
चौदा ताटल्या आल्या.
एकीत धूर, एकीत दगड,
एकीत काय ते वेटरनं दोनदा सांगितलं.
चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू.
"काही कमी आहे का, सेन्योर?"
मी बोटं नाकापासून दूर केली.
तीनदा साबण लावूनही
लिंबू अजून होतं.